गावाबाहेरचे माड

नागेश कुणालाही भेटला की आधी त्याच्या डोक्यावरून वर बघायचा. मग नजर खाली आणून हसायचा आणि बोलायला लागायचा. नव्या माणसाला वाटायचं, पोरगा शिष्ट आहे. आमच्या प्राचार्यबाईंनी तर एकदा मागे वळून भिंतीवर पाल आहे की काय ते पाहिलं होतं. खरी गोष्ट अशी की तो माड बघत असायचा. पेडण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या मागे कुठे ना कुठे माडाचा शेंडा असतोच, आणि तो दिसला की नागेशचं चाललेलं वाक्यही वाट सोडायचं. "सर, प्रकल्प उद्या देतो, त्या मागच्या माडाची चुडतां सुकून लोंबकळतत, देतो हां उद्या नक्की."

तो विसाव्या वर्षी गेला. आमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. मी त्याचा वर्गशिक्षक, अर्थशास्त्र शिकवायचो. साखळीहून रोज बस बदलत पेडण्याला येणारा मास्तर आणि पार्श्याहून येणारा विद्यार्थी, एवढीच आमची ओळख राहिली असती. ती वाढली कोयत्यामुळे.

पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. वॉचमन शाणू धापा टाकत स्टाफरूममध्ये आला. "सर, तुमच्या वर्गातल्या पोराच्या बॅगेत कोयतो आसा!"

पाच मिनिटांत प्राचार्यबाईंच्या टेबलावर एक वही, एक डबा, काथ्याचं एक जाड वेटोळं आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेला कोयता अशा वस्तू ओळीने मांडल्या गेल्या. समोर एक काटकुळा, सावळा मुलगा हात मागे बांधून उभा होता.

"हे हत्यार कशाला आणलंस कॉलेजात?" बाईंनी विचारलं.

"हत्यार न्हय मॅडम, अवजार. दुपारी कोरगावात सात माड आसत. घराकडे जाऊन परत येवक बस गावत नाय."

"वडील पाडेली आहेत का तुझे?"

"आसले. आता मी आसंय."

बाई साखळीच्याही पलीकडच्या, शहरात वाढलेल्या. त्यांना पाडेली या शब्दाचं वजन कळलं नाही. मला कळलं. माडावर चढून नारळ उतरवणारा माणूस आमच्याकडे आता औषधाला मिळत नाही. महिना महिना त्याची वाट बघायची, आला की चहा द्यायचा, मर्जी सांभाळायची. आमटीत नारळ सगळ्यांना हवा, पण आमचा मुलगा पाडेली आहे असं सांगणारा बाप मी तरी पाहिला नव्हता. आणि हा अठरा वर्षांचा मुलगा प्राचार्यांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, 'आता मी आहे' असं, वर्गात हजेरी द्यावी तसं म्हणाला.

शेवटी तोडगा असा निघाला की कोयता रोज सकाळी माझ्या कपाटात ठेवायचा आणि जाताना न्यायचा. दोन वर्षं तो तिथे अर्थशास्त्राच्या पुस्तकांना टेकून राहिला. पुढे मी वर्गात मागणी-पुरवठा शिकवताना उदाहरण म्हणून विचारलं, पाडेल्याची मजुरी एवढी का वाढली? कुणीतरी पुस्तकी उत्तर दिलं, पुरवठा कमी आहे म्हणून. मागच्या बाकावरून नागेश म्हणाला, "पुरवठो कमी नाय सर. लज जास्त आसा."

त्या उत्तराला मी गुण देऊ शकलो नाही, पण ते पुढच्या सगळ्या वर्गांना सांगत आलो.

हजेरीचा प्रश्न मात्र होताच. पहिल्या सत्राच्या शेवटी त्याची हजेरी इतकी खाली गेली की मला घरी पत्र पाठवणं भाग होतं. तसं सांगितल्यावर हा कधी न घाबरणारा मुलगा पांढरा पडला.

"सर, घराक पत्र नको. आवयक ठावक नाय."

मग त्याने सगळं सांगितलं. त्याचे वडील सिंधुदुर्गातून लग्नानंतर पार्श्यात येऊन राहिले, पंचक्रोशीतले नावाजलेले पाडेली झाले. नागेश दहावीत असताना ते माडावरून पडले. पाठीचा कणा गेला. दीड वर्ष खाटेवर काढून ते वारले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईने काथ्याचं वेटोळं चुलीत घातलं, कोयता विहिरीत टाकला आणि मुलाला देवळात उभं करून शपथ घातली, "ह्या पार्श्यात तू माडाक हात लावशीत तर माझां मेल्लां तोंड बघशीत."

"आणि तरीही तू चढतोस?" मला राग आला होता.

"पार्श्यात नाय चडत." त्याचे डोळे एकदम वकिलासारखे चमकले. "कोरगाव, धारगळ, थंय लाटंबार्सेपर्यंत जातंय. पण पार्श्यात माडाक हात लावलेलो नाय, सर. एकदासुद्धा नाय. गावात कोणाक पाडेली जाय जालो तर दुसऱ्या गावातलो हाडून दितंय."

म्हणूनच त्याला इतक्या लांब जावं लागे, म्हणूनच तास बुडत. जो माणूस आपल्या परड्यातले माड सोडून दहा-पंधरा मैल लांबचे माड शोधतो, त्याला फक्त मजुरीची गरज असते असं मला वाटत नाही. मी एकदा तसं विचारलंही. तो म्हणाला, "वर गेल्यार कोण हाक मारीत नाय, सर. नुसतो वारो."

मी पत्र पाठवलं नाही. पण पालकसभेला त्याची आई आपणहून आली. शाळेत मुलांचं माध्यान्ह जेवण रांधायची, तिथूनच परस्पर आली असावी, पदराला फोडणीचा वास होता. समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली. लहानखुरी बाई, आवाज हळू.

"सर, तो उशिरान घराक येता. खंय आसता?"

मी एका क्षणात खोटं बोललो. "लायब्ररीत बसतो. वाचनाची आवड आहे त्याला."

तिने मान हलवली. मग विचारलं, "लायब्ररी वयल्या माळयार आसा?"

"हो. दुसऱ्या मजल्यावर."

"पायऱ्यांक कठडो आसा मूं?"

"आहे की."

"बरां," ती म्हणाली आणि उठली. प्रश्न विचित्र वाटला, पण गावातली बाई, असं काहीतरी मनाशी म्हणून मी पुढच्या पालकाकडे वळलो.

पुढच्या वर्षी गणेशचवथीला त्याने मला घरी बोलावलं. दोन खोल्यांचं घर, समोर सारवलेलं अंगण, मागे परडं आणि परड्यात चार माड. नारळांनी वाकलेले, वर्षानुवर्षं न उतरवलेले. नारळ पिकून आपोआप पडत, आई ते सकाळी वेचून आणी. आम्ही नेवऱ्या खात बसलो होतो. मागे धप्प असा आवाज झाला. आई आणि मुलगा दोघंही एकाच वेळी गप्प झाले. दोघांनीही मागे पाहिलं नाही. मग आईने ताट पुढे केलं, "घेवा सर, आनी एक."

आमच्या साखळीच्या घरी तो आला ते माझ्या आईच्या तक्रारीमुळे. आमचे सात माड वर्षभर कुणी उतरवले नव्हते आणि दर जेवणाला ती मला ऐकवत होती, "शिकोवपी म्हूण बरोच जालो, पूण घरांत एक नाल्ल येना." एका रविवारी नागेश कुणाची तरी मोटारसायकल मागून घेऊन आला. अंगणात उतरला, वर पाहिलं, मग आईच्या पाया पडला.

चढायच्या आधी तो प्रत्येक माडाला हात लावून फेरी घालायचा. कान टेकून बुंधा वाजवायचा, डॉक्टर पाठ वाजवतो तसा. मग काथ्याचं वेटोळं पायांत अडकवून दोन्ही हातांनी मिठी मारून वर सरकायचा. छाती झाडाला घासत जायची. बघणाऱ्याला भीती वाटायची, त्याला नाही. शेंड्यात पोचला की तिथून गप्पा सुरू. "आजी, तुमच्या कौलार तीन भोकां आसत!" आई खालून ओरडायची, "तूं तुजें काम कर रे!"

"नारळाला डोळे असतात, तो माणसावर पडत नाही, होय ना रे?" मी खालून म्हणालो.

वरून हसू आलं. "डोळे आसतत सर. पण देठाकडे. तो सदाच वर बघता. खाली कोण उबो आसा, ताका काय ठावक? बाजूक सरा!"

सातवा माड माझ्या वडिलांनी लावलेला. नागेशने त्याला कान लावला, परत लावला आणि चढलाच नाही. "हो पोकळ जालोसा. भुंग्यान खाल्लो. कापूक जाय."

आईचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "तो कोणें लायला तुका खबर आसा? तुज्या जल्माआदलो माड तो. कापपाची गजाल काडूं नाका."

दुसरा कुणी असता तर वाद घातला असता, नाहीतर खांदे उडवून निघून गेला असता. नागेश तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजी, कापू नकात. पण त्या बाजूक कपडे वाळत घालू नकात. आनी गाय बांधू नकात. एवढां करा माझ्यासाठी."

आईने कुरकुरत दोरी हलवली, गाय पलीकडे बांधली. आषाढात एका दुपारी तो माड वारा फारसा नसतानाही मधूनच मोडला आणि जिथे गाय बांधायची तिथेच आडवा झाला. आई बराच वेळ दारात उभी राहून बघत होती. मग मला म्हणाली, "त्या भुरग्याक जेवपाक आपय." तेव्हापासून नागेश आमच्याकडे पाडेली म्हणून नाही, घरचा म्हणून यायचा. माशाच्या हुमणाबरोबर भाताच्या दोन मुदी खायचा आणि वर एक पाव, हुमण पुसून घ्यायला. आई त्याला वाढताना जितकी बोलायची तितकी माझ्याशी वर्षात बोलली नसेल.

कॉलेजातल्या मुलांना त्याचं हे काम माहीत होतं, पण पाहिलं कुणी नव्हतं. 'पाडेली' म्हणून चिडवणंही चालायचं. तो चिडायचा नाही, त्यामुळे चिडवण्यात मजा उरली नव्हती. दुसऱ्या वर्षी स्कूटर लावायच्या शेडवर वाकलेल्या माडावरून एक नारळ पडून पत्रा फुटला. बाईंनी चार ठिकाणी फोन केले, पाडेली मिळेना. शेवटी त्यांनीच मला हळूच विचारलं, "सर, तो तुमचा कोयतेवाला...?"

मधल्या सुट्टीत सगळं कॉलेज जमलं. नागेशने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, माझ्या कपाटातून कोयता आणला आणि माडाखाली उभं राहून गर्दीकडे पाहिलं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता.

"मोबायल खिशात घाला," तो म्हणाला. "सगळ्यांनी. नाय तर मी चडूचंय नाय."

कुणीतरी हसलं, कुणीतरी शिट्टी मारली. तो तसाच उभा. मग पहिल्या बाकावरची विदुला, जिच्यासमोर बोलताना नागेशला वाक्यं सुचायची नाहीत, तिने आपला फोन पिशवीत टाकला आणि मागे वळून म्हणाली, "ऐकलं नाही का? त्याच्या आईला दाखवायचंय का तुम्हाला?" तिला आईचं कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. एकेक करून सगळे फोन खिशात गेले. तीनशे मुलं उघड्या डोळ्यांनी बघत राहिली. तो वर गेला, चार सुकलेली चुडतं, म्हणजे झावळ्या, तोडली, सगळे नारळ दोरीने अलगद खाली सोडले, एकही टाकला नाही. उतरल्यावर टाळ्या झाल्या तेव्हा तो लाजून टॉवेलाने तोंड पुसत राहिला. त्या दिवसापासून त्याला पाडेली म्हणण्याचा सूर बदलला. दोन मुलं तर शिकायला मागे लागली. एकाला त्याने धारगळला नेऊन अर्ध्या माडापर्यंत चढवलंही होतं.

फोन खिशात गेल्याचा परिणाम असा की नागेशचा माडावरचा एकही फोटो कुणाकडे नाही. शोकसभेला मुलांनी सगळे फोन धुंडाळले. आहेत ते सगळे जमिनीवरचे.

गेल्या जुलैमध्ये त्याला ताप आला. शेतात लावणी चालू होती, तो आईबरोबर चिखलात उतरत होता. ताप आल्यावरही दोन दिवस त्याने गोळी घेऊन काढले, लावणी अर्धी राहिली होती. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले, लघवी थांबली. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं तोवर मूत्रपिंडांवर आलं होतं. विदुलाने मला फोन केला आणि मी वर्ग सोडून निघालो.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्याची आई बसली होती. मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. शेतातल्या पाण्यातून होणारा ताप आहे, उंदरांमुळे पसरतो, या दिवसांत बरेच पेशंट येतात, असं ती समजावून सांगत होती. मग तिने विचारलं, "कॉलेजात आहे ना हा? पायांना एवढ्या भेगा कशा? घोट्यांवर तर घट्टे आहेत."

मी म्हणणार होतो, फुटबॉल खेळतो. तोंड उघडलंही होतं.

"पाडेली तो," आई म्हणाली. "माडार चडता."

डॉक्टरीण मान हलवून काहीतरी लिहीत आत गेली. ती वळण्याआधी आईने तिला विचारलं होतं, जंतू भेगांतून शिरले का. साध्या खरचटल्यातूनही शिरतात, सांगता येत नाही, असं तिने उत्तर दिलं होतं.

मी नागेशच्या आईकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"शर्ट कोण धुता, सर?" ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. "वाचूक बसणाऱ्याचो शर्ट कोपराकडे झिजता. हेचो छातीकडे. पाठ नवी ती नवीच."

"मग... अडवलं नाहीत?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"माझो घोव पडलो तेवां मी त्याच माडाखाली उबी आसलंय. तां परत बघूक माका जमूचां नाय आसलां. पण हेका ओळखतंय मी. शपथ मोडणारो न्हय तो. 'माडार चडू नको' म्हटलां आसतां, तर जल्मभर चडलो नसतो. खाली बसान सुकलो आसतो." जरा थांबून ती म्हणाली, "म्हणान गावाचां नाव घेतलां. पार्श्यात चडू नको. गाव काय, म्हटलां, लहान आसा."

 पोरगा दोन वर्षं आपल्या वकिलीवर खूश होता. पळवाट त्याने शोधलीच नव्हती, ती त्याच्या आईने उघडी ठेवली होती. आणि मी, शहाणा मास्तर, तिला लायब्ररीच्या गोष्टी सांगत होतो.

आम्हा दोघांना आत सोडलं. नागेश जागा होता. तोंड सुजलेलं, डोळे हळदीसारखे. मला बघून हसायचा प्रयत्न केला. मी वर्गाची काहीतरी खबर सांगितली, विदुला विचारत होती म्हटलं. तो डोळ्यांनीच लाजला.

आई पायाशी गेली. पिशवीतून एक फडकं काढलं, बाटलीतल्या पाण्यात भिजवलं आणि चादर वर सारली. त्याने घाईने पाय आत ओढून घेतले. एवढी शक्ती त्याच्यात कुठून आली कोण जाणे.

"र्‍हव," आई म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. सर, तुम्ही सांगितलंत? असं स्पष्ट त्या नजरेत होतं. मी मान हलवली, नाही. तो आईकडे बघत राहिला. तिने वर पाहिलं नाही. ती हात पुढे करून थांबली होती, घाई न करता, पोर आंघोळीला येईपर्यंत थांबावं तशी.

मग हळूहळू त्याने एक पाय पुढे केला. थोड्या वेळाने दुसरा. तिने टाच तळहातावर घेतली आणि ओल्या फडक्याने एकेक भेग पुसायला सुरुवात केली.